निरोगी माणसाला ‘एचआयव्हीपासून जन्मजात संरक्षण’ विकू नका

जनुकीय चाचण्यांची बाजू घेणाऱ्यांचा एक युक्तिवाद अलीकडे सारखा कानावर येतो. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, लॅबला द्या, आणि एचआयव्हीला तुमच्या शरीरात जन्मजात मज्जाव आहे की नाही ते थोड्या दिवसांत कळेल. शोध पक्का आहे, चाचणी स्वस्त होत चालली आहे, आयुष्यात एकदाच करायची आहे. आपल्या शरीराबद्दल जाणून घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, मग डॉक्टरांनी आणि सरकारनं मध्ये पडायचं कारण काय? ऐकायला हे सगळं रास्त वाटतं, आणि त्यातला विज्ञानाचा भाग खराही आहे. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यावं लागतं. निव्वळ थाप असती तर ती एका ओळीत खोडता आली असती.

जे खरं आहे ते आधी मांडतो. एचआयव्ही रक्तातल्या सीडी४ पेशींत शिरतो हे १९८०च्या दशकातच कळलं होतं. पण सीडी४ या एका रेणूला चिकटून विषाणूचं भागत नाही, पेशीच्या पृष्ठभागावर आणखी एक प्रथिन त्याला लागतं, हे १९९६ मध्ये उलगडलं. बहुतेक वेळा ते प्रथिन म्हणजे सीसीआर५. विषाणूच्या दृष्टीनं तेच दार. त्याच वर्षी अमेरिका आणि बेल्जियममधल्या वेगवेगळ्या गटांना असं आढळलं की काही माणसांच्या सीसीआर५ जनुकातली ३२ अक्षरं जन्मतःच गळालेली असतात. या बदलाला डेल्टा ३२ म्हणतात. अक्षरं गळाल्यामुळे प्रथिन अर्धवट बनतं आणि पेशीच्या आतच अडकून राहतं. आई आणि वडील दोघांकडूनही असं जनुक आलं असेल तर पेशीवर ते दारच नसतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत एचआयव्ही झालेल्या १,३४३ जणांत दोन्ही प्रती गळालेला एकही माणूस सापडला नाही. संसर्ग न झालेल्या ६१२ जणांत मात्र असे १७ निघाले.

या आकड्यांमागे माणसं होती. न्यूयॉर्कचे चित्रकार स्टीफन क्रोन यांचा जोडीदार १९८२ मध्ये गेला, तेव्हा या आजाराचं नावही धड ठरलं नव्हतं. पुढच्या वर्षांत मित्रांमागून मित्र गेले, क्रोन यांना मात्र काही झालं नाही. ते स्वतःहून संशोधकांकडे गेले. अॅरन डायमंड एड्स संशोधन केंद्रात त्यांच्या पेशींत विषाणू घालायचा प्रयत्न झाला, तो आत शिरेना. डेल्टा ३२ चं गूढ उकलण्यात या माणसाच्या रक्ताचा मोठा वाटा आहे, आणि त्याबद्दल जगानं त्याचं ऋणी असायला हवं. २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं.

लॅबमधली कृतीही अवघड नाही. जनुकाच्या त्या भागाच्या पीसीआरनं असंख्य प्रती काढायच्या आणि जेलवर विजेच्या प्रवाहात सोडायच्या. प्रचारात असलेल्या एका पद्धतीत शाबूत तुकडा १८९ अक्षरांचा येतो, गळालेला १५७ चा. दोन पट्टे दिसले तर एक प्रत गळालेली, खालचा एकच पट्टा दिसला तर दोन्ही. जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही हे जमतं. इथवर माझा कुणाशी वाद नाही. त्या पट्ट्यांवरून निरोगी माणसाला काय सांगितलं जातं, तिथून वाद सुरू होतो.

हा बदल जगभर सारखा पसरलेला नाही. उत्तर युरोपात शंभरातल्या दहा ते पंधरा जनुकप्रतींत तो आढळतो, दक्षिण युरोपात त्याहून बराच कमी. दोन्ही प्रती गळालेली माणसं युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण शंभरात एक. आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांत, पूर्व आशियात आणि अमेरिकेच्या आदिवासींत तो जवळजवळ नाहीच. भारतात झालेल्या पाहण्यांत तो फार क्वचित सापडला, आणि जिथे सापडला तिथेही बहुधा एकाच प्रतीत. म्हणजे कोल्हापूर, नांदेड किंवा मडगावच्या माणसानं ही चाचणी करून घेतली तर तिचा निकाल चाचणी न करताच सांगता येतो: तुमचं सीसीआर५ शाबूत आहे, एचआयव्हीला तुमच्या पेशींत शिरायला अडचण नाही. जे उत्तर आधीच ठाऊक आहे त्यासाठी पैसे घेणं मला गैर वाटतं. भारतातल्या साथीत विषाणूचा ‘सी’ उपप्रकार प्रबळ आहे, आणि तो मुख्यतः सीसीआर५ वाटेच शिरतो. थोडक्यात, विषाणूला लागणारं दार आपल्याकडे जवळपास प्रत्येकात आहे.

यावर उत्तर मिळतं की, ठीक आहे, दुर्मीळ असेल, पण त्या दुर्मीळ माणसाला कळायला नको का? हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्याचं गणित करून पाहू. समजा एखाद्या समाजात शंभरातली एक जनुकप्रत गळालेली आहे. सरमिसळ लग्नं धरली तर दोन्ही प्रती गळालेला माणूस दहा हजारांत एक निघेल, म्हणजे लाखात दहा. आता समजा लॅब इतकी चोख आहे की हजार नमुन्यांत एकदाच चूक होते: नळीवरचं लेबल बदललं, पीसीआरमध्ये एका प्रतीची वाढच झाली नाही, पट्टा पुसट दिसला. लाख नमुन्यांत अशा शंभर चुका होतील. त्यातल्या निम्म्या चुकांनी जरी ‘दोन्ही प्रती गळालेल्या’ असा खोटा निकाल दिला, तरी सुरक्षित ठरवलेल्या साठ जणांपैकी पन्नास जणांच्या हातातला कागद चुकीचा असेल. गुणधर्म जितका दुर्मीळ, तितका ‘आहे’ म्हणणारा रिपोर्ट कमी भरवशाचा. हा नियम कोणत्याही लॅबला चुकवता येत नाही. युरोपात हीच चाचणी बरीच विश्वासार्ह ठरेल, कारण तिथे शंभरात एक खरा सापडतो. यंत्र तेच, रसायनं तीच, पण माणसं बदलली की कागदाचं मोल बदलतं. चाचणी विकणारे हे गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

घरपोच चाचण्या तर बहुधा पीसीआरनं होत नाहीत. एका चिपवर लाखो ठिकाणं एकदम वाचली जातात आणि त्यातलं एक ठिकाण या जनुकाचं असतं. एखादं अक्षर बदललेलं असेल तर चिप ते बरं ओळखते, पण ३२ अक्षरांचा अख्खा तुकडाच नसेल तर तिचा अंदाज डळमळतो. हे किती महागात पडू शकतं ते २०१९ मध्ये दिसलं. ‘नेचर मेडिसिन’सारख्या नियतकालिकात जूनमध्ये एक शोधनिबंध आला. ब्रिटनच्या बायोबँकेतल्या चार लाखांवर लोकांच्या माहितीवरून त्यात म्हटलं होतं की दोन्ही प्रती गळालेल्यांचा ७६ वर्षांच्या आत मृत्यू होण्याचा धोका २१ टक्क्यांनी जास्त असतो. जगभर बातम्या झाल्या. मग इतर संशोधकांनी तीच माहिती तपासली तेव्हा कळलं की चिपवरच्या ज्या प्रोबवर, म्हणजे जनुक वाचणाऱ्या खुणेवर, हा निष्कर्ष उभा होता तोच दोन्ही प्रती गळालेल्यांना नीट मोजत नव्हता. त्यांची संख्या खरी होती त्यापेक्षा कमी भरत होती. ऑक्टोबरमध्ये निबंध मागे घेतला गेला. नावाजलेले शास्त्रज्ञ, जगातला एक उत्तम नमुनासंग्रह, कसून केलेलं परीक्षण, आणि तरीही नेमक्या याच जनुकाच्या वाचनात चूक झाली. संशोधकांनी ती उघडपणे कबूल करून दुरुस्त केली, हा विज्ञानाचा मोठेपणा. पण घरी आलेला एखाद्याचा रिपोर्ट चुकीचा निघाला तर तो कोण मागे घेणार? त्याला तर आपली चूक दाखवणारा दुसरा संशोधकही मिळत नाही.

आता क्षणभर धरून चालू की रिपोर्ट बिनचूक आहे. दोन्ही प्रती खरोखर गळालेल्या आहेत. तरी ‘तुम्हाला एचआयव्ही होणार नाही’ हे वाक्य खोटंच राहतं. विषाणूच्या काही प्रकारांना सीसीआर५ लागतच नाही; ते सीएक्ससीआर४ नावाच्या दुसऱ्या प्रथिनातून शिरतात, आणि ते मागचं दार सगळ्यांच्याच पेशींवर असतं. दोन्ही प्रती गळालेल्या असूनही संसर्ग झालेल्या माणसांच्या नोंदी शोध लागल्याच्या पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. त्यातली एक ऑस्ट्रेलियातली होती. असं क्वचित घडतं हे मान्य, पण ज्याच्या बाबतीत घडतं त्याला त्या ‘क्वचित’चा काय दिलासा?

आणखी एक गोष्ट मला यापेक्षाही धोक्याची वाटते. चाचणी करणाऱ्यांपैकी ज्यांच्यात काही सापडतं त्यांतल्या बहुतेकांत एकच प्रत गळालेली असते. अशा माणसाला हमखास संसर्ग होऊ शकतो. फरक पडलाच तर एवढा की उपचार न घेतल्यास एड्सपर्यंतची वाटचाल सरासरी दोन-तीन वर्षांनी लांबते. उपचार उपलब्ध असलेल्या आजच्या काळात या फरकाला व्यवहारात अर्थ नाही. पण रिपोर्टात त्याला ‘अंशतः संरक्षण’ म्हणतात, आणि ते शब्द वाचणाऱ्या विशी-पंचविशीच्या मुलाच्या मनात पहिला शब्द राहत नाही, दुसरा राहतो.

‘पण काही लोकांना निसर्गतःच होत नाही, हे तर तुम्हीही मानता’ असा प्रतिप्रश्न येतो. मानतो. तेवढ्यासाठीच नैरोबीच्या पुमवानी भागातल्या बायकांची हकिगत सांगायला हवी. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून केनियाच्या आणि कॅनडाच्या संशोधकांनी तिथल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांचा मागोवा ठेवला. वर्षानुवर्षं संसर्गित पुरुषांशी संबंध येऊनही त्यातल्या काही जणींना एचआयव्ही झाला नाही. त्यांच्यात डेल्टा ३२ नव्हता. तो आफ्रिकेत जवळपास नाहीच. त्यांच्या संरक्षणाची कारणं वेगळी, गुंतागुंतीची आणि आजही पूर्ण न उलगडलेली आहेत. पुढे यातल्या काही बायकांनी धंदा थांबवला किंवा बराच कमी केला, आणि नंतर त्यांच्यापैकी काहींना संसर्ग झाला. वर्षानुवर्षं ज्यांना ‘प्रतिकारक’ म्हटलं गेलं त्यांचा प्रतिकार ओसरला होता. यातून मला दोन गोष्टी दिसतात. संसर्ग न होणं हे एका जनुकाच्या मालकीचं नाही, आणि ते माणसासोबत आयुष्यभर टिकेल याचीही हमी नाही. ‘आयुष्यात एकदाच करायची चाचणी’ असं म्हणणाऱ्यांनी या बायकांचा विचार करावा.

शिवाय सीसीआर५ हे प्रथिन आपल्या शरीरात एचआयव्हीची सोय म्हणून नाही. संसर्गाच्या जागी संरक्षक पेशी नेमक्या पोचाव्यात यात त्याचा हात असतो. डासांमधून पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूच्या साथीत अमेरिकेतल्या रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा लक्षणं दिसण्याइतका आजार झालेल्यांत दोन्ही प्रती गळालेल्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा अनेक पटींनी जास्त निघालं. एका विषाणूला अडवणारी उणीव दुसऱ्याला सोयीची ठरते. वेस्ट नाइल काही परका नाही. मुंबईतल्या रहिवाशांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं १९५२ मध्येच आढळली होती, आणि केरळात त्याच्या साथी येऊन गेल्या आहेत. ‘तुम्ही जन्मजात सुरक्षित’ म्हणणाऱ्या कागदावर हा धोका छापलेला असायला नको का?

नोरोव्हायरसचं उदाहरण याच जातीचं, ते थोडक्यात. एफयूटी२ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्यांना जुलाब-उलट्यांच्या या विषाणूचे काही प्रमुख प्रकार सहसा होत नाहीत. युरोपात अशी माणसं पाचात एक आहेत. पण विषाणूचे दुसरे प्रकार त्यांनाही गाठतात. हात धुण्यापासून त्यांची सुटका नाही.

डेल्टा ३२ च्या चाचणीला माझा सरसकट विरोध आहे असा ग्रह होऊ नये. बर्लिनमध्ये राहणाऱ्या टिमथी रे ब्राउन यांना एचआयव्ही होता आणि रक्ताचा कर्करोगही. २००७ मध्ये शारिटे रुग्णालयात त्यांच्यावर मूळपेशींचं प्रत्यारोपण करायचं होतं, तेव्हा डॉ. गेरो ह्युटर यांनी जुळणाऱ्या दात्यांमधून दोन्ही प्रती गळालेला दाता शोधून काढला. कर्करोग उलटल्यामुळे पुढच्या वर्षी दुसरं प्रत्यारोपण करावं लागलं, पण एचआयव्ही परतला नाही. औषधांशिवाय तो शरीरातून गेलेले ते जगातले पहिले रुग्ण. २०२० मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो कर्करोगानं. लंडनच्या आणि ड्युसेलडॉर्फच्या रुग्णांची कहाणी अशीच. या सगळ्यांत दात्याची जनुकीय चाचणी निर्णायक होती, आणि ती करणाऱ्या लॅबना माझा मनापासून सलाम आहे. पण याच इतिहासात एसेनचा रुग्णही आहे. त्यालाही दोन्ही प्रती गळालेल्या दात्याच्या पेशी दिल्या होत्या, आणि त्याच्या शरीरात मागच्या दारानं शिरणारा विषाणू उसळून आला. उलट जिनिव्हातल्या ज्या रुग्णाची माहिती २०२३ मध्ये जाहीर झाली, त्याच्या दात्याचं सीसीआर५ शाबूत होतं, तरी विषाणू दीर्घकाळ परतला नाही. रुग्णालयात, चोवीस तास देखरेखीखाली, निष्णात डॉक्टरांच्या हातातही हे जनुक एकटं निकाल ठरवत नाही. मग गालातल्या बोळ्यावरून निरोगी माणसाला कसली खात्री देता?

एचआयव्हीच्या उपचारांत चाचण्यांचा उत्तम उपयोग कसा होतो, याची नमुनेदार उदाहरणं आहेत. सीसीआर५ ला अडवणारं मॅराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये आलं. ते सुरू करण्याआधी रुग्णाच्या अंगातला विषाणू कोणत्या दारानं शिरतो हे तपासतात. मागच्या दारानं शिरत असेल तर हे औषध देत नाहीत. अबाकाव्हिर या औषधाचं त्याहून बोलकं. काही रुग्णांना त्याची जीवघेणी प्रतिक्रिया येते आणि ती एचएलए-बी*५७:०१ या जनुकप्रकाराशी बांधलेली आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आधी जनुक तपासून औषध दिलं, तेव्हा खात्रीनं त्या प्रकारात मोडणारी प्रतिक्रिया एकालाही आली नाही. हा जनुकप्रकार भारतीयांत दुर्मीळ नाही, म्हणून ही तपासणी आपल्या लोकांच्या खरोखर कामाची आहे. निकाल ‘आहे’ आला की डॉक्टर दुसरं औषध लिहितात, ‘नाही’ आला की हे देतात. निकालानं हातातली कृती बदलते.

‘एचआयव्हीपासून जन्मजात संरक्षण’ या निकालानं काय बदलतं? सीसीआर५ शाबूत निघालं, तर कंडोम वापरा आणि वेळोवेळी एचआयव्हीची चाचणी करून घ्या. एक प्रत गळालेली निघाली, तर कंडोम वापरा आणि वेळोवेळी चाचणी करून घ्या. दोन्ही गळालेल्या निघाल्या तरी सल्ला तोच, कारण मागचं दार उघडं आहे, आणि सिफिलिस, हिपॅटायटिस बी, परमा यांना सीसीआर५ शी काही देणंघेणं नाही. तिन्ही उत्तरांवर सल्ला एकच असेल तर ती चाचणी निरोगी माणसाला कशासाठी हवी? प्रामाणिकपणे वागणाऱ्याचं त्यातून काही बदलत नाही. बदल होतो तो एकाच प्रकारे: कुणीतरी कंडोम बाजूला ठेवतो.

जाणून घेण्याच्या हक्काबद्दल मला मनापासून आदर आहे. एचआयव्हीच्या इतिहासात तो हक्क रक्ताचं पाणी करून मिळवलेला आहे. भारतात हा विषाणू १९८६ मध्ये चेन्नईत पहिल्यांदा सापडला. त्यानंतर कित्येक वर्षं लोकांच्या नकळत त्यांचं रक्त तपासलं जाई, निकाल गावभर होई, माणसं नोकरीतून आणि घरातून हाकलली जात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, या अन्यायाला उत्तर म्हणून आला. माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी नाही, निकालाची गुप्तता, भेदभावाला बंदी. या कायद्यातल्या संमतीचा अर्थ असा की चाचणीआधी आणि नंतर समुपदेशकानं माणसाशी बोलायचं, निकाल काय सांगतो आणि काय सांगत नाही ते समजावायचं. जाणण्याचा हक्क म्हणजे हा. पाकिटातून आलेल्या बोळ्यासोबत समुपदेशक येत नाही. विक्रेत्यांनी हक्काची भाषा उचलली आणि हक्कासोबतची जबाबदारी टाकून दिली.

हे अमेरिकेतही कळून चुकलं होतं. तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०१३ मध्ये २३अँडमी या कंपनीला पत्र पाठवून आरोग्यविषयक निकाल देणाऱ्या तिच्या थुंकी-चाचणीची विक्री थांबवायला सांगितलं. या निकालांवर भरवसा ठेवून माणूस उपचारांबद्दल चुकीचा निर्णय घेऊ शकतो, असा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे मात्र थेट ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या जनुकीय चाचण्यांसाठी स्वतंत्र कायदा नाही.

या चाचणीचं सामाजिक अंग मला सर्वांत जास्त छळतं. आपल्याकडे लग्न ठरताना पत्रिका बघतात, रक्तगट विचारतात, आणि आता काही घरांत वैद्यकीय तपासण्यांचे कागदही मागतात. त्यात ‘जन्मजात प्रतिकार’ नावाचा कागद शिरला तर तो एचआयव्हीच्या चाचणीऐवजी पुढे केला जाईल. मुलाला हा आजार होतच नाही, मग तपासणीचा आग्रह कशाला, असं म्हणणारे वडील मला डोळ्यांपुढे दिसतात. आणि ज्या सुनेला नवऱ्याकडून संसर्ग होईल, तिला उलट विचारलं जाईल की आमच्या मुलाच्या अंगात तर संरक्षण होतं, तू हे कुठून आणलंस? एचआयव्हीसह जगणाऱ्या सुमारे २५ लाख भारतीयांना आजवर त्यांच्या वागण्याबद्दल बोल लावले गेले. ‘तुमचं रक्तच कच्चं’ हा नवा बोल त्यांच्यावर लादायचा नाही.

जनुकाच्या मोहापायी माणसं कुठवर जातात ते २०१८ मध्ये दिसलंच. चीनमधले शास्त्रज्ञ ह जियानक्वी यांनी नेमकं हेच जनुक गर्भात छेडून जुळ्या मुली जन्माला घातल्या आणि हाँगकाँगच्या परिषदेत ते जगासमोर मांडलं. मुलींचे वडील एचआयव्हीबाधित होते. पण वीर्य धुऊन घेण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेनं बाळाला होणारा संसर्ग टाळता येतोच, आणि ती तिथेही वापरली होती. म्हणजे जो धोका उरलाच नव्हता त्यासाठी मुलींच्या जनुकांत कायमचा फेरफार झाला, आणि तोही डेल्टा ३२ सारखा नेमका उतरला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडच्या विक्रेत्यांची त्यांच्याशी बरोबरी मी करत नाही. पण एका जनुकाला सुरक्षेचं प्रमाणपत्र समजण्याची चूक दोन्हीकडे एकच आहे.

कोविडच्या पहिल्या वर्षीही आपण हे अनुभवलं. भारतीयांच्या रक्तातच काहीतरी आहे, आपल्याला हा आजार तितका लागत नाही, असं शिकली-सवरलेली माणसं बोलत होती. त्याच २०२० मध्ये ह्युगो झेबर्ग आणि स्वांटे पाबो यांनी दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा, निआंडरथल मानवाकडून आलेला एक जनुकखंड गंभीर कोविडचा धोका वाढवतो आणि दक्षिण आशियात जवळजवळ निम्मे लोक तो बाळगून आहेत. आपल्या रक्ताबद्दलचा समज खऱ्या जनुकशास्त्राच्या नेमका उलटा होता. एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या.

संरक्षणच हवं असेल तर ते आहे, आणि ते जन्मावर अवलंबून नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर पाहणीत, ज्यात एक जोडीदार एचआयव्हीबाधित पण औषधांनी विषाणू दाबलेला होता अशा ७८२ पुरुष जोडप्यांत, त्या जोडीदाराकडून दुसऱ्याला एकही संसर्ग झाला नाही. २०२४ मध्ये निकाल जाहीर झालेल्या पाहणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडात लेनाकापव्हिर हे वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन २,१३४ तरुणींना दिलं गेलं होतं. त्यातल्या एकीलाही संसर्ग झाला नाही. या मुलींपैकी डेल्टा ३२ च्या दोन्ही प्रती गळालेली कुणी असण्याची शक्यता जवळपास नव्हतीच. भारतात एचआयव्हीवरची एआरटी औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, चाचणीही मोफत होते, आणि १०९७ या क्रमांकावर विचारणा करता येते. जन्मजात संरक्षणाचा कागद विकत घेणाऱ्याचा खरा प्रश्न बहुधा एवढाच असतो: मला काही झालंय का? त्याचं उत्तर देणारी चाचणी जवळच्या सरकारी रुग्णालयात आहे.

‘आम्ही फक्त माहिती देतो, निर्णय ग्राहकाचा’ हे विक्रेत्यांचं शेवटचं म्हणणं. मग माहिती पूर्ण द्या. रिपोर्टाच्या पहिल्याच पानावर, निकालाच्या वर, ठळक अक्षरांत मराठीत छापा: भारतीयांत हा बदल अतिदुर्मीळ आहे आणि त्यामुळे ‘आहे’ हा निकाल चुकीचा असण्याची शक्यता मोठी आहे; एक प्रत गळालेल्या माणसाला एचआयव्ही होतो; दोन्ही प्रती गळालेल्यांनाही झाला आहे; वेस्ट नाइलसारख्या आजाराचा धोका वाढू शकतो; निकाल काहीही आला तरी काळजी तीच घ्यायची आहे. ‘दोन्ही प्रती गळालेल्या’ असा निकाल दुसऱ्या नमुन्यावर, दुसऱ्या पद्धतीनं पडताळल्याशिवाय देऊ नका, आणि प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलणं झाल्याशिवाय कुणाच्या हातात ठेवू नका. आरोग्य खात्यानं या अटी नियमात बसवाव्यात आणि त्या न पाळणाऱ्याचा परवाना काढून घ्यावा. एवढं सगळं छापून आणि सांगून ज्याला ही चाचणी विकायची असेल त्यानं खुशाल विकावी, माझी हरकत नाही.